एल्कच्या शिकारीची रंगीत तालीम

"मी येते," असं मी म्हटलं आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

रविवारची संध्याकाळ होती. शारजात अल नहदामधल्या आमच्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या पडद्यावर व्हिडिओ कॉल लावला होता. इकडे सोफ्यावर मी आणि माझा नवरा. तिकडे कॅनडात आमचा मुलगा, तो जिच्याशी लग्न करणार आहे ती मुलगी आणि त्या मुलीचे वडील, म्हणजे आमचे होणारे व्याही. हा माणूस बोलत नाही. रागीट नाही, गर्विष्ठ नाही, आजारी तर मुळीच नाही. फक्त बोलत नाही. हवा कशी आहे विचारलं की "कोल्ड" म्हणतो, आणि मग आपण सगळ्यांनी त्या एका शब्दाकडे बघत बसायचं.

त्या दिवशी मात्र त्यांनी आपणहून तोंड उघडलं. ते दर नोव्हेंबरात एल्कच्या शिकारीला डोंगरात जातात, आणि या वर्षी माझ्या नवऱ्याने बरोबर यावं अशी त्यांची इच्छा होती. बंदूक धरायला नव्हे, नुसतं शेजारी बसायला. नवऱ्याने लगेच कमरेला हात लावला. त्याची कंबर फार हुशार आहे. पत्त्यांचा डाव असला की बरी असते, सामान उचलायचं निघालं की धरते. कंबरेबद्दल तो इंग्रजीत काहीतरी पुटपुटला आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंना शांतता पसरली. मला शांतता सोसत नाही. म्हणून मी म्हणाले, "मी येते."

मला वाटलं, सगळे हसतील. मुलगी हसली, मुलगा हसला. व्याही हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं आणि म्हणाले, "गुड."

खलास. आता मागे फिरायची सोय नाही.

एल्क म्हणजे हरीणच, पण आपल्या सांबराला शेजारी उभं केलं तर ते त्याचं शेंडेफळ वाटावं एवढं. आणि ती मंडळी हौस म्हणून शिकारीला जात नाहीत, हे मला कॉल संपल्यावर मुलाने वेगळा फोन करून सांगितलं. लॉटरीत नाव निघालं तर एका जनावराचा परवाना मिळतो. त्या एका जनावराच्या मटणावर व्याह्यांचं घर आणि त्यांच्या म्हाताऱ्या आईचं घर अख्खा हिवाळा काढतात. आणि डोंगरावर नियम असा, की एकाला थंडी भरली की सगळ्यांनी खाली उतरायचं. मागच्या वर्षी मुलीचा मामा बरोबर गेला होता. त्याला हुडहुडी भरली, सगळे उतरले, पुन्हा वर जायला हवेने संधी दिली नाही. हिवाळाभर मटण दुकानातून आलं. त्या मामाला कोणी एका शब्दाने दुखावलं नाही. फक्त या वर्षी त्याला बोलावलेलं नाही.

"सो आई, प्लीज," मुलगा म्हणाला, "डोन्ट बी द मामा."

आमचा मुलगा इथे शारजात वाढला. मी मराठीत विचारते, तो इंग्रजीत उत्तर देतो, आणि दोघांचं उत्तम भांडण होतं. शाळेत असताना डिसेंबरात हा मुलगा हाफ पँटवर फिरायचा. कॅनडात तीन हिवाळे काढले आणि आता तो मला थंडी शिकवायला लागला.

"लेयर्स, आई. इट्स ऑल अबाउट लेयर्स. अंगालगत वूल. त्याच्यावर फ्लीस. त्याच्यावर पफी. वर शेल. अँड नो कॉटन."

"कॉटन का नाही? आपण जन्मभर कॉटन घालतो."

"बिकॉज कॉटन किल्स."

"कोणाला?"

"आई!"

मला राग याचा आला, की याला वाटतं त्याच्या आईला थंडी माहीत नाही. अरे, आखातात राहणाऱ्या बाईएवढी थंडी कोणी सोसली आहे? बाहेर आग, पण ऑफिसात, मॉलमध्ये, डॉक्टरकडे, लग्नाच्या हॉलमध्ये एसी असा सोडलेला असतो की जणू आपल्याला पुढच्या महिन्यापर्यंत टिकवायचं आहे. माझ्या पर्समध्ये बारा महिने शाल असते. ऑफिसच्या खुर्चीच्या पाठीवर एक स्वेटर कायमचा राहायला आहे. उन्हातून घामाघूम होऊन आत शिरायचं आणि शिरल्याबरोबर काहीतरी अंगावर ओढायचं, हे माझ्या हाडात मुरलेलं आहे. थंडी आणि मी जुन्या ओळखीच्या. अशा गुर्मीत मी कामाला लागले.

पहिल्यांदा नणंदेकडे गेलो. नवऱ्याची थोरली बहीण अबू धाबीजवळ खलिफा सिटीत एका व्हिलात राहते आणि दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या बर्फाळ देशात जाऊन फोटो काढून येते. तिच्याकडे गरम कपड्यांच्या दोन मोठ्या बॅगा आहेत. ताईंनी त्या हॉलच्या मध्यभागी उघडल्या आणि डांबराच्या गोळ्यांचा असा भपकारा आला की नवरा कंबर विसरून बाल्कनीत पळाला.

"वासाचं मनावर घेऊ नकोस," ताई म्हणाल्या. "मी सगळे कपडे बखुरावर, त्या अरबी उदाच्या धुपावर, धुरी देऊन ठेवलेत. माझ्या शेजारणीने शिकवलं. कसा घमघमाट आहे बघ!"

होता खरा. डांबराच्या गोळ्या, त्यावर ऊद, त्यावर गुलाब. एक लांबलचक मरून कोट, दोन फ्लीसची मऊ, केसाळ जाकिटं, पफी म्हणून एक फुगीर जाकीट आणि शेल म्हणून एक चकचकीत, पाणी न शिरणारं जाकीट मी निवडलं. ताईंनी प्रेमाने आणखी एकदा धुरी दिली. "इतक्या लांब चाललीस, कपड्यांना वास नको यायला."

रात्री मुलाला फोटो पाठवले. त्याने विचारलं, कपडे धुतलेत ना, बिनवासाच्या साबणाने? मी म्हटलं, धुवायचे कशाला, ताईंनी दोनदा बखूर दिला आहे. पलीकडे एवढा वेळ आवाज आला नाही की मला वाटलं, नेट गेलं.

"आई. एल्कला मैलावरून वास येतो."

"मग येऊ दे. चांगलाच वास आहे."

"आई, यू विल स्मेल लाइक अ वेडिंग. दे विल लीव्ह द प्रॉव्हिन्स."

मग धुणं निघालं. मी ते कपडे तीनदा धुतले, बाल्कनीत वाळवले, पुन्हा धुतले. साबणाचा वास गेला, डांबराचा गेला, ऊद काही जाईना. ऊद हा पाहुणा नव्हे, तो घरजावई आहे. शेवटी मरून कोट आणि फ्लीसची जाकिटं ताईंना परत केली. ताई दुखावल्या. "तुमच्या त्या हरणाला चांगलं वाईट कळत नाही, त्याला मी काय करू?" म्हणाल्या. फुगीर आणि चकचकीत जाकिटं कशीबशी बिनवासाची झाली, तेवढी ठेवली.

उरलेलं विकत आणायला मॉलमध्ये गेलो. बाहेर ऑक्टोबर असूनही चष्म्यावर वाफ धरत होती, आणि मी दुकानात जाऊन मेंढीच्या लोकरीच्या अंतर्वस्त्रांची चौकशी करत होते. नवऱ्याला प्रत्येक किमतीचे रुपये करून मोठ्याने सांगायची सवय आहे. "एवढ्यात तिकडे अख्खी मेंढी येते," हे त्याने इतक्या मोठ्याने सांगितलं की दुकानातला केरळी विक्रेता हसत हसत हिंदीत म्हणाला, "सर, मेंढी येईल, पण ती मॅडमना बसणार नाही."

ट्रायल रूममध्ये मी अंगालगतचा लोकरीचा सदरा, लोकरीची विजार, त्यावर फ्लीस, त्यावर फुगीर जाकीट असं एकावर एक चढवलं. बाहेर आले तेव्हा हात शरीराला चिकटत नव्हते. नवऱ्याने मला पाहिलं आणि त्याचा चेहरा फार कोमल झाला.

"काय?" मी म्हणाले.

"काही नाही. आपला मुलगा लहान असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये फ्लॉवर झाला होता, त्याची आठवण आली."

त्यानंतर आवाजाचं प्रकरण उपटलं. मुलाने सांगितलं, जाकिटाचा आवाज होता कामा नये. शिकारीला तासन् तास दबून बसतात, आणि हात नुसता नाकाकडे नेला आणि कापड वाजलं तर जनावर पसार. मी ताईंचं ते चकचकीत जाकीट घालून बघितलं. मला काही ऐकू आलं नाही. आपला आवाज आपल्याला कुठे ऐकू येतो?

"अहो, तुम्ही एल्क व्हा," मी नवऱ्याला म्हणाले.

"मी काय होऊ?"

"तिकडे तोंड करून बसा. माझा आवाज आला की हात वर करा."

नवरा हॉलच्या पलीकडच्या टोकाला खुर्चीवर भिंतीकडे तोंड करून बसला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि फक्त मान वळवली. हात वर. मी श्वास घेतला. हात वर. मी काहीच केलं नाही. तरी हात वर.

"आता मी हललेसुद्धा नाही!"

"तू काहीतरी पुटपुटत होतीस."

"मी विचार करत होते."

"तेच ऐकू आलं."

म्हणजे चकचकीत जाकीटही बाद. त्याच्या जागी वारा अडवणारं पण वरून लवदार, मऊ कापडाचं एक जाकीट घेतलं. ते घालून मी हॉलभर फिरले तरी एल्कचा हात खालीच. मी खूश झाले. जवळ जाऊन बघते तर एल्क झोपला होता.

सगळे थर जमले. पण पुरतील की नाही ते कसं कळणार? मुलगा म्हणत होता डोंगरावर उणे पंधरापर्यंत जाईल. मी मुलाला "कळेल की तिकडे आल्यावर" असं म्हणू शकले असते. पण तो मामा माझ्या डोक्यातून जाईना. मी त्याला कधी पाहिलेलं नाही, तरी मला तो स्पष्ट दिसायचा: कोपऱ्यात बसलेला, कोणी काही बोलत नाही, आणि ताटातलं मटण दुकानातलं. मला त्या घरात मुलाची आई म्हणून जायचं होतं. सुनेच्या माहेरची पहिली आठवण "ह्या बाईमुळे आम्ही रिकाम्या हाताने उतरलो" अशी व्हायला नको होती.

तेव्हा मला माझी खालच्या मजल्यावरची मैत्रीण आठवली. ती रत्नागिरीकडची, घर तिकडे खाडीच्या तोंडाशी. तिच्या नवऱ्याचा गोठवलेल्या मासळीचा धंदा आहे आणि त्याचं कोल्ड स्टोरेज उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात आहे. उणे अठरा. कॅनडापेक्षा वरचढ!

मैत्रिणीला सांगितलं तर ती जिन्यातच बसून हसली. "या अल्ला! लोक आमच्या गोदामात मासळी घ्यायला येतात, तू बसायला येतेस?" पण तिने लगेच नवऱ्याला फोन लावला. मी त्यांना भाईजान म्हणते. भाईजान म्हणाले, "वहिनी, या की. सुरमईला पण जरा कंपनी होईल."

शुक्रवारी दुपारी जायचं ठरलं. आता प्रश्न असा, की कपडे बदलायचे कुठे? तिथे सगळे पुरुष, ट्रकवाले, हमाल. मी म्हटलं, घरूनच घालून निघू. गाडीत एसी आहे, उतरलं की सरळ गोदामात. नवऱ्याने विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "मला थंडी शिकवू नका."

लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरच्या बाईने मुलाला माझ्यापासून जरा लांब ओढलं. पार्किंगमध्ये गाडी उन्हाने तापलेली. एसी नीट थंड करायला लागेपर्यंत आम्ही अर्ध्या रस्त्यावर होतो आणि माझ्या मानेवरून घामाची धार चालू झाली होती. लोकरीचा सदरा, फ्लीस, फुगीर जाकीट, लवदार जाकीट, दोन जोड मोजे, बूट आणि कानटोपी. नवरा हाफ शर्टमध्ये शीळ घालत गाडी चालवत होता.

उम्म अल कुवैनला पोचलो तर दारात ट्रक लागलेला. भाईजान हात उंचावून ओरडले, "दोन मिनिटं वहिनी! इन्शाल्ला दोन मिनिटं!" त्या दोन मिनिटांत खोके उतरले, मोजले, एक खोकं कमी भरलं, त्यावरून ड्रायव्हरशी वाद झाला, वाद मिटला, खोकं सापडलं. मी आवारात उन्हात उभी. जाकीट काढावं असं दहादा वाटलं. पण समोर डझनभर माणसं माझ्याकडेच बघत होती. त्या घोळक्यासमोर एकेक कपडा उतरवत बसायचं? छे! मी चेहरा असा केला की जणू उम्म अल कुवैनमध्ये बायका याच वेषात बाहेर पडतात.

अखेर भाईजानांनी जाड दार ओढलं, प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा बाजूला केला आणि धुक्याचा लोट बाहेर आला. काय सांगू! स्वर्गच तो. मी आत शिरले आणि मोठा सुस्कारा सोडला. दोन्हीकडे छतापर्यंत पांढरे खोके, वर पंख्यांचा घोंघाट, दारावर बर्फाची साय. मैत्रिणीने बुरख्यावर नवऱ्याचा जाडजूड कोट चढवला होता. तिने मला एक प्लास्टिकचा क्रेट पालथा करून दिला.

"बस. समोर तो बघ, सुरमईचा ढीग. तोच तुझा एल्क."

"जरा गप्प राहा. शिकारीत बोलत नाहीत."

"तू? गप्प?" ती म्हणाली. "मग तर मी तिकीट काढून बघेन."

तिला लवकरच थंडी झेपेना, ती बाहेर गेली आणि दारातल्या काचेतून बघत राहिली. मी बसले. सुरुवातीला मजा वाटली. मग पाठीवर काहीतरी गार सरकलं. मला वाटलं बर्फ पडला. मग पोट गार, मग काखा. जाकिटाच्या आत, सगळ्यात आत, अंगालगत एक ओला थंड हात फिरत होता. मी हात चोळले, पाय आपटले. चारचार थर होते आणि थंडी बाहेरून येतच नव्हती, ती आतूनच निघत होती. दात वाजायला लागले. मी काचेतल्या मैत्रिणीला हात हलवला. तिला वाटलं मी गंमत करते आहे, तिनेही हात हलवला. तेवढ्यात भाईजानांनी पाहिलं आणि दार उघडलं.

"झालं? इतक्यात?" नवरा म्हणाला. त्याच्या हातात इकडच्या दाट, दुधाळ करक चहाचा कागदी कप होता, अर्धासुद्धा संपला नव्हता.

मला एवढा संताप आला की सांगता सोय नाही. मुलाचा संताप, त्याच्या लेयर्सचा, ताईंच्या उदाचा, ट्रकवाल्याचा, आणि चहा पिणाऱ्या या माणसाचा. बाहेर उन्हात थरथरत उभी होते, नाकातून पाणी, आणि हमाल मंडळी अदबीने दुसरीकडे बघत होती. मी मामा झाले होते. डोंगरावर न जाताच.

घरी आले, बाथरूममध्ये गेले आणि कपडे उतरवायला लागले. वरचं जाकीट कोरडं. फुगीर जाकीट दमट. फ्लीस ओलं. आणि आतला लोकरीचा सदरा पिळला तर पाणी निथळलं. ज्या सदऱ्यावर एवढी भिस्त होती, तो मी स्वतःच घामाने न्हाऊन काढला होता आणि मग बर्फात जाऊन बसले होते. कपड्यांनी मला दगा दिला नव्हता. मी त्यांना भिजवून मग लढायला पाठवलं होतं.

मग मी मुलाला फोन केला. "डोंगर चढायचा असतो ना आधी?"

"हो. तासभर. मोअर."

"मग चढताना घाम येत नाही?"

"ऑफ कोर्स येतो. म्हणून तर स्टार्ट कोल्ड. निघताना जाकीट काढून बॅगेत टाकायचं. वर पोचलं की घालायचं. आय टोल्ड यू."

"हे तू मला कधी सांगितलंस?"

"इट्स ऑब्व्हियस, आई."

ऑब्व्हियस! ज्या बाईने अर्धं आयुष्य गारठ्यात शिरताक्षणी शाल ओढण्यात घालवलं, तिने उणे पंधरात गाडीतून उतरल्याबरोबर जाकीट काढायचं. कुडकुडत निघायचं. म्हणजे मी आजवर जे शिकले त्याच्या बरोबर उलट. एवढी एकच गोष्ट सांगायची होती, ती सोडून याने मला मेंढीपासून एल्कपर्यंत सगळं शिकवलं.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा गेलो. या वेळी मी सुती सलवार कमीजमध्ये, आणि सगळे थर बॅगेत, कोरडे ठणठणीत. भाईजानांना सांगितलं की मला आत जाऊन कपडे बदलायचे आहेत. त्यांनी डोळे मिटले, दोन्ही हात आकाशाकडे नेले आणि सगळ्या गोदामाला ऐकू जाईल असे गरजले, "यल्ला, यल्ला! सगळे बाहेर! चहा माझ्याकडून!" उरलेल्यांना त्यांनी हिंदीत हाकललं. मैत्रीण दारात पाठ करून पहारेकऱ्यासारखी उभी राहिली.

आधी मी सलवार कमीज उतरवून फक्त लोकरीचा सदरा आणि विजार घातली आणि त्यावरच खोक्यांच्या रांगांमधून चालायला लागले. चढण समजून. भरभर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पहिल्यांदा जीव जातो की काय असं वाटलं. कानशिलं दुखायला लागली. मैत्रीण दाराकडूनच ओरडली, "अगो, घाल काहीतरी! मरशील!" शपथेवर सांगते, हात आपोआप बॅगेकडे जात होता. आतून सगळे पूर्वज ओरडत होते, शाल घे, शाल घे. मी नाही घेतली. फेऱ्या मारत राहिले आणि थोड्या वेळाने अंगात मंद ऊब आली. घाम नाही, फक्त ऊब. मग थांबले. थांबल्याबरोबर, ती ऊब विझायच्या आत, फ्लीस, फुगीर, लवदार, टोपी, हातमोजे, सगळं चढवलं. मोजे एकच जोड. दोन जोडांनी मागच्या वेळी बूट घट्ट होऊन बोटं बधिर झाली होती. क्रेटवर बसले आणि सुरमईकडे टक लावली.

बसले. बसूनच राहिले. पंखे घोंघावत होते, माझ्या श्वासाची वाफ निघत होती, आणि मी जाकिटाच्या आत अशी उबेत होते की झोप येऊ लागली. नवऱ्याने दोनदा डोकावून पाहिलं. तिसऱ्या वेळी भाईजान आत आले.

"वहिनी, उठा आता. माझी माणसं चार चार चहा प्यायली, रात्री झोपायची नाहीत."

त्या रविवारी कॉलवर मी ठरवलं की व्याह्यांना सगळं खरं सांगायचं. मुलगा पडद्यावरून डोळ्यांनी नको नको म्हणत होता, पण मला गोष्ट सांगायला कोणी अडवू शकलेलं नाही. मी पहिली फजिती सांगितली, पिळलेला सदरा सांगितला, दुसरी फेरी उभं राहून अभिनय करून दाखवली. सुरमईसाठी इंग्रजी शब्द सापडला नाही म्हणून हातांनी मासा केला. मुलगी हसून हसून खुर्चीवरून घसरली. व्याही हसले नाहीत.

मग ते बोलले, आणि त्यांच्या मानाने ते भाषणच होतं. म्हणाले, या वर्षी वरच्या बाजूला जायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. खालीच रस्त्यालगत, गाडीजवळ बसणार होते. पाहुण्याला थंडी वाजली तर हीटर लावता यावा म्हणून.

मी विचारलं, "खाली एल्क येतात?"

ते म्हणाले, "नाही."

त्यांची मुलगी एकदम त्यांच्याकडे वळली. तिलाही हे माहीत नव्हतं. म्हणजे या माणसाने मला "गुड" म्हटलं त्याच क्षणी आपल्या घराचा आणि आईच्या घराचा हिवाळा सोडून दिला होता, आणि कोणाला सांगितलं नव्हतं. मी इकडे कपड्यांवर वैतागत होते आणि ते तिकडे गप्प बसून माझी सोय बघत होते.

"सो," ते म्हणाले, "अप?"

माझ्या शेजारी सोफ्यावर नवरा पडद्याला दिसणार नाही अशा बेताने जोरजोरात मान हलवत होता, नको, नको, नको.

"अप," मी म्हणाले.

आम्ही वर गेलो. गाडीतून उतरल्यावर अंधारात सगळ्यांच्या आधी मी जाकीट काढलं. चढलो, घातलं, बसलो. पहिल्या दिवशी काही दिसलं नाही, दुसऱ्या दिवशी वारा फिरला. तिसऱ्या सकाळी खालच्या उतारावर एक एल्क झाडीतून बाहेर आला, आणि व्याह्यांचं काम झालं. माझ्यामुळे कोणाला उतरावं लागलं नाही. संध्याकाळी त्यांच्या आईच्या घरी सगळे जमले, फ्रीजर भरला गेला, आणि आमचा मुलगा हातात ग्लास घेऊन मंडळींना सांगत होता, "आय पिक्ड ऑल हर लेयर्स."

मी शाल ओढून ओठ घट्ट मिटून घेतले; दिवसभराचा डोंगरावरचा गारठा अजून अंगातून उतरला नव्हता. तोंड उघडलं असतं तर दात वाजताना ऐकू आले असते.